उजव्या हाताचं चित्र

“ही कात्रीसुद्धा तुमच्याच पक्षाची दिसते,” गेलन श्लेगल म्हणाला.

नऊ नंबरच्या पेटीचं निळं सील काही केल्या कापलं जात नव्हतं. डाव्या हातात कात्री धरून तो ती प्लॅस्टिकची पट्टी नुसती चेंगरत होता.

“दे इकडे, मी कापतो.”

“अजिबात नाही. तू कापणार, आणि उद्या लोक विचारणार, गेलन तेव्हा काय झोपला होता?”

शेवटी सील तुटलं. मी पडद्यावरचं वाचलं, “गठ्ठा चौदा, कागद सतरा.” गेलन वरून एकेक मतपत्रिका उचलून मोजू लागला, जनावरांच्या लिलावात बोली लावावी तशा आवाजात. सतरावी काढून त्यानं दिव्याखाली धरली आणि आमच्या जागेचा रकाना शोधला. त्यानं पाहिलं, मी पाहिलं, नाव मोठ्यानं वाचलं, संगणकात भरलं. एकावन्न झाले. वीस राहिले.

त्या नोव्हेंबरात आमच्या काउंटीत पाच हजार एकशे बारा मतं पडली होती, सगळी कागदावर. मशीननं ती मोजली आणि काउंटी मंडळाच्या जागेसाठी गेलनचा माणूस अडतीस मतांनी पडला. पडताळणी दर निवडणुकीनंतर होतेच. एरवी तिथं दोन कंटाळलेली माणसं आणि कॉफी एवढंच असतं. या वेळी तळघरात लाल फितीच्या पलीकडे चौदा माणसं उभी होती. त्यांतली नऊ गेलनची.

पद्धत साधी आहे. राज्याच्या राजधानीत भर सभेत वीस फासे टाकतात. त्यातून निघालेला आकडा संगणकाला देतात, आणि त्यावरून संगणक सांगतो, अमुक पेटी, अमुक गठ्ठा, इतकावा कागद. आधी कुणालाच ठाऊक नसतं. मग दोन पक्षांची दोन माणसं तो कागद काढतात आणि डोळ्यांना दिसतं ते भरतात. मशीननं त्याच कागदावर काय वाचलं होतं, ते आम्हाला तोवर दिसत नाही. सगळे कागद झाले की संगणक दोन्ही बाजू शेजारी शेजारी मांडतो. गेलननं ते फासे टीव्हीवर पाहिले होते, आणि ते बनले कुठे अशी चौकशी करणारं पत्र पेपरात छापून आणलं होतं.

मी अल्विन राउश. बीटची साखर करणाऱ्या कारखान्याच्या वजनकाट्यावर एकतीस वर्षं बसलो. भरलेल्या ट्रकचं वजन घ्यायचं, बीट उतरवून रिकामा आला की पुन्हा घ्यायचं, वजाबाकी करायची. माणसांनाही मी तसंच मोजतो, येताना किती आणि जाताना किती. कुठला शेतकरी भरल्या गाडीत बसून राहतो, आणि रिकामी गाडी काट्यावर आली की तंबाखू थुंकायला म्हणून खाली उतरतो, ते मला खिडकीतून दिसायचं. गेलन त्यांतला होता.

पेट्या युफेमिया आर्चुलेटाच्या ताब्यात. ती फितीच्या पलीकडे हात मागे बांधून उभी होती, कारण पडताळणीच्या टेबलाला कर्मचाऱ्यानं हात लावायचा नाही असा नियम आहे. सत्तावीस वर्षं ती या तळघरात निवडणुका काढत होती. मोजणीच्या दिवसांत घरून पातेलंभर चिलीचा तिखट रस्सा आणि दालचिनीचे रोल आणायची, दोन्ही पक्षांना सारखे मोजून. या वेळी गेलननं रोलला हात लावला नव्हता. त्याच्या वाटणीचा मी खाल्ला.

आमचं मशीन जुनं. नवी मशीनं प्रत्येक कागदावर नंबर उमटवतात. तसं मशीन घ्यायला मंडळानं दोनदा नकार दिला, आणि दोन्ही वेळा टाळ्या वाजवणाऱ्यांत गेलन होता. त्यामुळे आमच्याकडे सगळा भार क्रमावर. कागद मशीनमधून ज्या क्रमानं गेले, त्याच क्रमानं पेटीत राहायला हवेत. त्यासाठी युफेमियानं भिंतीवर एक चित्र लावलं होतं. गठ्ठा उचलणारा उजवा हात, आणि डावीकडच्या पेटीकडे वळत जाणारा बाण. हात तिचाच, कागदावर ठेवून पेन्सिलीनं गिरवलेला. करंगळीचं टोक नव्हतं, तेही तसंच आलेलं. लहानपणी बीटचा पाला छाटताना गेलं होतं ते.

एकाहत्तर कागद झाले. मी बटण दाबलं.

पडद्यावर पाच ओळी तांबड्या झाल्या.

“पाच!” गेलन उठून उभा राहिला. “एकाहत्तरात पाच चुकले! अल्विन, तू काट्यावरचा माणूस, सांग, पाच हजारांत किती होतात?”

“साडेतीनशेच्या वर,” मी म्हटलं. विचारलं की माझ्या तोंडून उत्तर निघतं, सवय आहे.

“आणि आम्ही पडलो किती मतांनी? अडतीस!”

फितीपलीकडून टाळ्या आल्या. एकानं मोबाइल वर धरला. कुणीतरी युफेमियाच्या अगदी कानाशी म्हणालं, “चोर कुठली.” ती हलली नाही. तिची नजर नऊ नंबरच्या उघड्या पेटीवर होती.

जिन्यावरून मार्लिस हॉफ खाली आली. मार्लिस म्हणजे काउंटीची निवडून आलेली क्लार्क, निवडणुका चालवणारी मुख्य अधिकारी, सगळ्या इमारतीची मालकीणच. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

“मार्लिस,” युफेमिया म्हणाली, “त्यांना विचार, नऊ नंबरच्या पेटीत वरचा कागद कुठल्या बाजूनं आहे?”

मी पाहिलं. आमची मतपत्रिका दोन्ही बाजूंनी छापलेली असते आणि मंडळाच्या जागेचा रकाना होता मागच्या बाजूला. नऊ नंबरच्या पेटीत मागची बाजू वर होती. तीन नंबरच्या पेटीत पुढची. माझे कान तापले. सकाळपासून हे माझ्या डोळ्यांसमोरून किती वेळा गेलं होतं, आणि मी बसलो होतो गेलनचे टोमणे मोजत.

“गठ्ठा पालथा ठेवलाय,” ती म्हणाली. “पहिला कागद तळाला गेलाय. खालून मोजा.”

“हो का?” गेलन म्हणाला. “वरून जुळलं नाही तर खालून मोजा. खालून नाही जुळलं तर मधून मोजा. जुळेपर्यंत मोजत राहा!”

मार्लिसनं राजधानीला फोन लावला. उत्तर आलं की काय घडलं त्याचं कारण आणि जबाबदार व्यक्तीचं नाव फॉर्मवर लिहा, सही करा, मग ते कागद सगळ्यांसमोर पुन्हा काढता येतील.

तेवढ्यात मी मला येतं ते काम केलं. प्रत्येक गठ्ठ्याबरोबर एक चिठ्ठी असते. गठ्ठा मशीनमधून कुणी काढला, त्या दोघांच्या तीवर सह्या. एकाहत्तर चिठ्ठ्या मी ओळीनं लावल्या. साठांवर वेगवेगळ्या जोड्या होत्या. अकरांवर एकच जोडी. एक सही युफेमियाची, सुबक, उजवीकडे किंचित झुकलेली. दुसरीची शाई डावीकडून उजवीकडे फरफटलेली, ओल्या अक्षरांवरून हात ओढत गेल्यासारखी.

मशीनवर नजर ठेवायची म्हणून गेलननं मोजणीला दोन दिवस स्वतःचं नाव नोंदवलं होतं. त्याचा जोडीदार तापानं आला नाही, म्हणून युफेमिया त्याच्यासोबत बसली. ती कागद घालायची, तो गठ्ठे पेटीत ठेवायचा. मशीनमधून गठ्ठा पालथा बाहेर पडतो. उजव्या हातानं उचलून चित्रातल्यासारखा डावीकडे नेला की मनगटाबरोबर तो उलटतो आणि पहिला कागद वर येतो. डाव्या हातानं उचलला की तो न उलटता तसाच पालथा पेटीत जातो. अकरातले सहा कागद जुळले होते ते नशिबानं. भलताच कागद हाती आला, पण त्यावरही शिक्का त्याच माणसाच्या नावापुढे होता.

मी चिठ्ठ्या मोठ्यानं वाचल्या. “आर्चुलेटा, श्लेगल. आर्चुलेटा, श्लेगल.” अकरा वेळा वाचल्या. दोन वेळा वाचून भागलं असतं. सहाव्या वेळी फितीपलीकडचा मोबाइल खाली आला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

गेलन बीटसारखा लाल झाला. “मग? डावखुरा असणं आता गुन्हा झाला का?”

“मी हाताबद्दल अजून काही बोललोच नाही, गेलन.”

“मला कुणी सांगितलं होतं? दोन दिवस ही माझ्यासमोर बसली होती. विचारा तिला! एकदा तरी म्हणाली का, गेलन, असं नको ठेवू?”

सगळे युफेमियाकडे वळले.

“नाही म्हणाले,” ती म्हणाली.

मार्लिसनं तिला वर खोलीत नेलं. साक्षीदार हवा म्हणून मलाही बोलावलं. फॉर्म टेबलावर होता.

“हे बघ,” मार्लिस हलक्या आवाजात म्हणाली, “चिठ्ठीवर तुझीही सही आहे. कर्मचाऱ्याची चूक असं लिही, खाली तुझं नाव, विषय संपला. गेलनचं नाव लिहिलं तर उद्या गावभर होईल की पकडले गेले आणि त्याच्याच गळ्यात बांधलं. पुढच्या वर्षी मला पुन्हा उभं राहायचंय गं.”

“अर्धंच लिहू?”

“एवढंसं तर आहे.”

मला राहवलं नाही. “युफेमिया, तुला दिसलं कसं नाही? तुला?”

“दिसलं,” ती म्हणाली. “पहिल्याच गठ्ठ्याला दिसलं.”

मार्लिसनं डोळे मिटले.

“पहिलीत आम्हाला मिस ऑब्री होती,” युफेमिया म्हणाली. “आधी पट्टीनं मारायची. मग माझा डावा हात खुर्चीच्या पाठीला बांधायला लागली. मार्चपासून शाळा सुटेपर्यंत. म्हणायची, शेतात तुम्ही लोक काय करायचं ते करा, इथं माणसांसारखं लिहायचं. आई बीट खुरपायला जायची, ती कुणाशी भांडणार? आणि परवा हा गेलन माझ्यासमोर डाव्या हातानं गठ्ठे उचलत होता, ऐटीत. त्याला जन्मात कुणी बांधलं नाही. माझ्या ओठांवर आलं होतं, ‘उजव्या हातानं’. मला ते शब्द काढता आले नाहीत, अल्विन. म्हटलं, सील लावायच्या आधी मीच सरळ करीन. मग टपालाची गाडी आली, आणि राहून गेलं.”

मला भिंतीवरचं चित्र आठवलं. उजवा हात कागदावर ठेवून गिरवायचा, तर पेन्सिल कुठल्या हातात धरावी लागते? आणि बीट एका हातात, कोयता दुसऱ्या हातात, तेव्हा टोक उडतं ते कोयता नसलेल्या हाताचं. दोन्ही गोष्टी सत्तावीस वर्षं माझ्यासमोर होत्या. मी दुसऱ्यांची वजनं घेत बसलो होतो.

“हे फॉर्मवर नको लिहूस,” मार्लिस म्हणाली. “लोक हसतील.”

“हसू देत की!” युफेमिया एवढ्या मोठ्यानं ओरडली की खालची कुजबुज थांबली. तिचा चढलेला आवाज या इमारतीनं पहिल्यांदाच ऐकला असावा. “जन्मभर सगळे मला हेच सांगत आलेत. एवढंसं कर. एवढंसं उजव्या हातानं लिही. एवढंसं ऐकून घे. एवढंसं तुझं नाव दे, आमची निवडणूक आहे. माझं नाव एवढंसं नाही, मार्लिस! पाच हजार कागद मी रोज कुलपात घालते, सीलचा नंबर वहीत लिहिते, आणि घरी जाऊन पुन्हा आठवते. तो माणूस दोन दिवस आला आणि मला चोर म्हणवून गेला. चूक माझी जेवढी, तेवढी मी लिहीन. त्याची जेवढी, तेवढी त्याची. कमी नाही, जास्त नाही.”

तिनं लिहिलं. “डाव्या हातानं ठेवल्यामुळे गठ्ठे उलट क्रमानं राहिले. ठेवणारा गेलन श्लेगल. त्याला तसं ठेवताना मी पाहिलं, थांबवलं नाही, आणि नंतर सरळ करायचं माझ्याकडून राहिलं.” अक्षर नेहमीचं, उजवीकडे झुकलेलं. मग तिनं पेन दुसऱ्या हातात घेतलं. सही करायला तिला बराच वेळ लागला. अक्षरं मोठमोठी आली, पहिलीतल्या मुलीची.

“हे काय नवीन?” मार्लिस म्हणाली.

“नवीन नाही,” ती म्हणाली. “जुनं आहे.”

खाली आम्ही अकरा कागद पुन्हा काढले. खालून मोजायला मी गेलनलाच लावलं. पहिला जुळला. दुसरा जुळला. सातव्यानंतर त्याचा लिलावाचा आवाज बसला. अकराच्या अकरा जुळले, एकाहत्तरच्या एकाहत्तर जुळले. अडतीस मतं अडतीसच राहिली. मशीन बरोबर होतं, कागद बरोबर होते, फासेसुद्धा बरोबर होते. गेलननं सही केली आणि वर म्हणाला, “जे पाहिलं त्यावर सही करतोय. जे झालं त्यावर नाही.”

“उतर की आता काट्यावरून,” मी म्हटलं. त्याला कळलं नाही. किंवा कळलं असेल.

पुढच्या मंगळवारी मंडळाची सभा होती. नागरिकांना बोलायला तीन-तीन मिनिटं मिळतात. गेलन उभा राहिला, स्वच्छ शर्ट घालून. “मी कुणावर आरोप करत नाही. पहिल्यांदा पाच कागद जुळले नाहीत. मग बाईंनी एक फॉर्म भरला. मग कागद उलट्या बाजूनं मोजले. मग सगळे जुळले. मी फक्त झालं ते सांगतोय.”

एकेक वाक्य खरं होतं. मला संताप आला तो त्याचाच. खोटं बोलला असता तर त्याला धरता आलं असतं. हा माणूस खऱ्या वजनावर हळूच पाय ठेवत होता, आणि सभागृह मान डोलवत होतं.

मी उठलो. “उलटे ठेवले कुणी, तेही सांग की, गेलन. तेही झालंच होतं.”

“अल्विन, नाव नोंदवल्याशिवाय बोलता येत नाही,” अध्यक्ष म्हणाले.

“एकतीस वर्षं नाव नोंदवूनच बोललोय! अकरा चिठ्ठ्या आहेत, अकरांवर त्याची सही आहे—”

“बसून घे, अल्विन.”

मार्लिस पहिल्या रांगेत बसली होती. फॉर्मची प्रत तिच्या मांडीवरच्या फाइलमध्ये होती. ती वाचून दाखवायला अर्धं मिनिट लागलं असतं. तिनं फाइल उघडली नाही.

पेपरात पहिल्या पानावर आलं, ‘पाच मतपत्रिका जुळल्या नाहीत’. एकाहत्तर जुळल्याचं सहाव्या पानावर, ट्रॅक्टरच्या जाहिरातीखाली. दोन दिवसांनी सकाळी युफेमियाच्या फाटकासमोर कुणीतरी सडक्या बीटचा ढीग ओतून गेलं. मी जाऊन पाहिलं. चार टन. अंदाजानं नव्हे, चार टन.

“शेरीफला बोलाव,” मी म्हटलं.

“तो काय करणार? वजन?” ती म्हणाली. मग तिनं शेजारच्या गुरंवाल्याला फोन केला. “अर्धे चांगले आहेत. गुरांना चालतील. सडके तेवढे मी वेगळे करते.”

आणि हातमोजे घालून करायला लागली. मी फावडं घेतलं. रागानं मला धड बोलता येत नव्हतं, आणि ती मात्र चांगले एका बाजूला, सडके एका बाजूला टाकत होती.

जानेवारीत ती निवृत्त झाली, ठरल्यापेक्षा चौदा महिने आधी. कुणी जा म्हटलं नाही, कुणी थांबही म्हटलं नाही. तळघरात निळ्या साखरेचा केक कापला. मी खाल्ला नाही. भिंतीवर तिच्या चित्राच्या जागी राजधानीहून आलेला छापील तक्ता होता. त्यात बाण होते, चौकोन होते. हात कुठेच नव्हता. चित्र कुठे गेलं ते मी विचारलं, तर तिच्या जागी आलेल्या नव्या मुलीनं कचऱ्याच्या डब्याकडे पाहिलं. डबा केव्हाच रिकामा झाला होता.

जूनमध्ये पक्षांचे उमेदवार ठरवायची पक्षांतर्गत निवडणूक आली. युफेमियानं टपालानं आलेल्या मतपत्रिकेवर घरीच मत दिलं, पाकिटावर सही केली आणि ते काउंटीच्या पेटीत टाकलं. आठवड्यानं तिला काउंटीचं पत्र आलं. पाकिटांवरच्या सह्या आता आधी संगणक ताडून पाहतो. तो अडला तर माणसं पाहतात. दोघांनीही ठरवलं होतं की ही सही तिची नाही. ‘आपण स्वतःच मतदान केल्याची खात्री आठ दिवसांत करून द्यावी, अन्यथा आपलं मत मोजलं जाणार नाही.’ हा मजकूर बारा वर्षांपूर्वी तिनंच लिहिला होता. मला फोनवर वाचून दाखवताना म्हणाली, “‘कृपया’ काढून टाकलंय बघ.”

मला पिकअपची नंबरप्लेट घ्यायची होती. एकाच इमारतीत काम, म्हणून बरोबर गेलो. खिडकीमागे ती नवी मुलगी होती. तिनं ओळखपत्र पाहिलं, पत्र पाहिलं, पडद्यावरच्या जुन्या सह्या पाहिल्या. सत्तावीस वर्षांच्या, एकासारखी एक, उजवीकडे झुकलेल्या.

“मॅडम, इथं फक्त पूर्वीसारखी सही करा. म्हणजे लगेच होऊन जाईल.”

“पूर्वीसारखी आता होणार नाही,” युफेमिया म्हणाली. “दुसरा फॉर्म असतो. खालच्या खणात, हिरव्या फाइलमध्ये. सही बदलल्याचा.”

मुलीनं खण उघडला. फाइल होती.

युफेमियानं पेन डाव्या हातात घेतलं आणि कागद थोडा तिरका केला. पहिलं अक्षर मोठं आलं. दुसरं त्याहून मोठं. मागे रांगेत आठ माणसं होती. कुणीतरी घसा खाकरला, कुणीतरी घड्याळ पाहिलं. तिनं घाई केली नाही. आर्चुलेटा हे लांब नाव आहे, आणि तिनं ते एकही अक्षर न गाळता लिहिलं.

बाहेर पायऱ्यांवर तिनं हात डोळ्यांवर धरून उन्हात पाहिलं. तळहाताच्या कडेला, करंगळीपासून मनगटापर्यंत, निळी शाई लागली होती. मी रुमाल काढून पुढे केला.

“असू दे,” ती म्हणाली.